गुन्वोरच्या फोकांची वाट

मोहिमेचा उद्देश साधा होता. ग्रोनुतच्या केबिनपासून स्टाइनबूच्या केबिनपर्यंत पठारावर बर्च झाडाचे फोक रोवत जायचं, शनिवारी दुपारी बाराच्या आत शेवटचा फोक स्टाइनबूच्या दारात ठोकायचा, आणि गुन्वोर म्हातारी झालेली नाही हे सिद्ध करायचं. पहिल्या दोन कामांसाठी बर्फ, फोक आणि गिरमिट लागतं. तिसऱ्यासाठी साक्षीदार लागतो. तो मी.

ईस्टरच्या सुट्टीत अर्धा देश पायात स्की अडकवून या पठारावर येतो. ऊन असेल तर कुणालाच फोकांची गरज नसते. पण धुकं उतरलं की स्वतःच्या पायातली स्की दिसेनाशी होते, आणि मग माणूस एका फोकापासून दुसऱ्या फोकापर्यंत जगतो. ग्रोनुत ते स्टाइनबू ही रांग गुन्वोरची. तिच्याआधी तिच्या बापाची. गुन्वोर अठ्ठ्याहत्तरची झाली आणि वाटसमितीला एकाएकी तिची काळजी वाटू लागली. समितीने ठराव केला: शनिवारी बाराच्या आत रांग पुरी झाली तर ती गुन्वोरकडेच राहील, नाही झाली तर यापुढे कायमची समितीच्या बर्फावरच्या स्कूटरकडे. शिवाय तिच्यासोबत साठीच्या आतला एक माणूस हवा, सुरक्षेसाठी.

साठीच्या आतला माणूस म्हणजे मी, वेत्ले. नगरपालिकेच्या 'साठीनंतरचं बळ' या व्यायामवर्गाचा मी शिक्षक. दर मंगळवारी मी आकडे मोजतो आणि वर्ग उठाबशा काढतो. उलटं केलं तर वर्ग लवकर संपेल. गुन्वोर माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. उन्हाळ्यात ती चाकांच्या स्कीवरून डांबरी रस्त्याने बटाटे आणायला जाते. दुकानातून घरी यायला उताराचा रस्ता आहे, तर ती डोंगराला वळसा घालून चढाच्या रस्त्याने येते. उतार तिला फुकटचा वाटतो.

"मी हे सगळं फोकांसाठी करते," तिने मला एकदा सांगितलं होतं. "रांग गेली की मी उठाबशा कुणासाठी काढू? तुझ्यासाठी?"

मी आकडे मोजत राहिलो.

तिसरा आस्मुंद. गुन्वोरहून दोन वर्षांनी लहान, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगतो. छातीला पट्टा बांधून हृदयाचा ठोका न् ठोका तो फोनमध्ये नोंदवतो. आमच्यात वयाला मान देतात तो पुढे जायला वाट सोडून. 'अहो-जाहो' कुणी करत नाही. त्यामुळे शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते दोघे पुढे होते आणि फोकांनी लादलेली स्लेज ओढत मी मागे.

"मास्तर," गुन्वोरने वळून हाक मारली, "दमलास तर सांग. तुला स्लेजवर टाकू."

"मग स्लेज कोण ओढणार?"

"मीच. तुला ओढायला माणूस लागतो, मला नाही."

काम झपाट्याने चाललं. आस्मुंद गिरमिटाने बर्फात भोक पाडायचा, गुन्वोर फोक रोवून त्याला जुन्या स्वेटरची लाल लोकर बांधायची, आणि मी पुढचा फोक हातात द्यायचो. फोक, गाठ, पुढे. फोक, गाठ, पुढे! दुपारपर्यंत अर्धं पठार मागे पडलं. आस्मुंदने संत्रं सोललं, तपकिरी चीजचे तुकडे वाटले आणि आपले ठोके वाचून दाखवले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग धुकं आलं.

ते आलं म्हणजे समोरचं पठार कुणीतरी खोडरबराने पुसलं. आकाश पांढरं, जमीन पांढरी, मध्ये शिवणसुद्धा नाही. माझा फोन थंडीने केव्हाच मेला होता. आस्मुंदचा फोन त्याचे ठोके मोजता मोजता मेला.

"होकायंत्र आहे," आस्मुंद छाती ठोकून म्हणाला. ते छातीवरच लटकत होतं. "सुई सांगेल तसं जाऊ. मला बारापर्यंत पोचायचंच आहे, गुन्वोर. तुझ्याहून मलाच जास्त घाई आहे."

"तुझं काय जातंय?"

"तू घरी बसलीस तर मी कुणापेक्षा लहान राहणार?"

गुन्वोरने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. थांबावं की जावं? दर वर्षी ती अशा वेळी थांबत आली होती. पण दर वर्षी तिच्या मानेवर समिती बसलेली नव्हती.

"चला," ती म्हणाली.

फोक, गाठ, पुढे. किती वेळ गेला कोण जाणे. मी एकदा पडलो, उठलो, कुणाला सांगितलं नाही. वारा सुटला. आणि एकदम आस्मुंद ओरडला, "फोक! समोर फोक!"

खरंच! धुक्यातून एक फोक पुढे आला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. आमच्या पुढे कुणीतरी आधीच रांग रोवून गेलं होतं!

गुन्वोरचा चेहरा लाल झाला. "स्कूटरवाले! बारापर्यंतची मुदत देतात आणि पाठीमागून चोरून रोवतात! लाज नाही वाटत?"

"रोवलेत मात्र झकास," आस्मुंद म्हणाला. "अंतर बघ, कसं एकसारखं."

"हं. अंतर बरं आहे." तिने कुरकुरत कबूल केलं. "पण इथे बघ, कुणीतरी ढुंगणावर आपटलंय. केवढा मोठा खड्डा! असल्या माणसाला स्कूटरवरच बसवायला हवं."

मी तो खड्डा ओळखला.

गुन्वोरने फोक हलवून पाहिला. त्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला. लाल लोकर.

"आस्मुंद," ती हळूच म्हणाली, "हा माझा स्वेटर आहे."

आम्ही गोल फिरलो होतो! फिरलो होतो आणि त्या गोलाला फोकही रोवले होते, व्यवस्थित, गाठी मारून!

पुढे बोलायला वाऱ्याने सवड दिली नाही. तो असा तुटून पडला की उभं राहणं कठीण झालं. ग्रोनुत लांब मागे, तेही वाऱ्याच्या तोंडात. गुन्वोरने फावडं उपसलं आणि बर्फाच्या एका ढिगात बीळ खणायला लागली. मी म्हणालो, "मी खणतो." ती म्हणाली, "तू मोज." आम्ही आत शिरलो तेव्हा माझ्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

बिळात तिघे म्हणजे डब्यातले मासे. पण गुन्वोरला चैन नव्हतं. तिने आस्मुंदच्या छातीवरचं होकायंत्र हातात धरलं. "जरा कुशीवर वळ."

आस्मुंद वळला. सुईही वळली.

"आता दुसऱ्या कुशीवर."

सुई पुन्हा त्याच्याबरोबर वळली. आस्मुंदच्या आतल्या खिशात फोन होता आणि फोनच्या पाकिटाला झाकण बंद करणारं लोहचुंबक होतं. आम्ही कुठेही गेलो असतो तरी सुईने आस्मुंदचीच छाती दाखवली असती. ती उत्तरेशी नव्हे, आस्मुंदशी एकनिष्ठ होती.

"माझ्या बायकोनेसुद्धा एवढं केलं नव्हतं," आस्मुंद म्हणाला.

हसावं की रडावं कळेना, म्हणून आम्ही थर्मासमधलं काळ्या मनुकांचं गरम सरबत पाळीपाळीने प्यायलो. गुन्वोर रात्रभर पाय हलवत राहिली, आणि ते माझ्या बरगड्यांत लागत राहिले.

सकाळी वारा पडला. बीळ फोडून बाहेर आलो तर पठार लखलखत होतं. आणि समोर आमचं काम! ग्रोनुतकडून आलेली सरळ रांग एका टेकाडापाशी वळली होती, टेकाडाला सुरेख प्रदक्षिणा घालून स्वतःलाच येऊन मिळाली होती. पलीकडे, फार लांब नाही, स्टाइनबूचं धुराडं धूर सोडत होतं.

"बाराच्या आत होतंय!" आस्मुंद म्हणाला. "इथून सरळ स्टाइनबू. हा गोल मग येऊन उपटू."

गुन्वोर ऐकत नव्हती. ती टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला गेली होती. आम्ही तिच्यामागे गेलो.

तिथे टेकाड संपत होतं. वाऱ्याने त्याच्या टोकाला बर्फाची वळचण काढली होती, छपरासारखी दरीवर लोंबणारी. आणि त्या वळचणीवर, खाली काहीही नसताना, आमचे फोक ऐटीत उभे होते. काल धुक्यात आम्ही तिथून चालत गेलो होतो!

ग्रोनुतच्या बाजूला रंगीत ठिपके हलू लागले होते. सुट्टीवाले निघाले. पश्चिमेला मात्र करडा पट्टा चढत होता.

"ऊन आहे तोवर लोकांना दिसेल की," आस्मुंद चाचरत म्हणाला.

"आणि तो पट्टा इथवर आला की?" गुन्वोर म्हणाली. "आपल्याला काल दिसलं? लोक पोरांना घेऊन येतात, आस्मुंद. फोक आहे म्हणजे वाट आहे, असं त्यांना मीच शिकवलंय."

"रांग जाईल तुझी!"

"जाऊ दे."

तिने ते इतक्या पटकन म्हटलं की मला वाटलं तिलाही ते ऐकू येऊ नये अशी तिची इच्छा असावी.

आम्ही उपटायला लागलो. रोवायला सोपे, पण रात्रीत सगळे गोठले होते. प्रत्येकाभोवती गिरमिट फिरवावं तेव्हा कुठे तो सुटायचा. सूर्य वर चढत होता आणि मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. शेवटी उरले वळचणीवरचे.

"सगळ्यात हलकी मी," गुन्वोर म्हणाली. कमरेला दोर बांधून ती पोटावर आडवी झाली आणि सरपटत निघाली. मागे मी टाचा रुतवून दोर धरला, माझ्यामागे आस्मुंद.

एक फोक निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला तिने हात घातला.

कट्!

आवाज अगदी लहान होता. मग वळचण गेली. अख्खी! पांढरं छप्पर खाली कोसळलं, गुन्वोर दिसेनाशी झाली आणि दोराने मला तोंडावर आपटून कड्याकडे फरफटवलं. मागे आस्मुंदच्या टाचा घसरल्या. पुन्हा घसरल्या. रुतल्या! त्याने माझे पाय कवटाळले होते.

"गुन्वोर!"

"काय आहे?" खालून आवाज आला.

"एक!" मी ओरडलो आणि ओढलं. "दोन! तीन!"

"मोजतोस काय, ओढ!"

आम्ही ओढलं. आधी फोकांची मूठ वर आली, मग टोपी, मग तिची कोपरं. ती कडेवर कोपरं टेकवून स्वतःच वर चढली, बर्फ झटकला आणि दरीत वाकून पाहिलं. उरलेले फोक वळचणीबरोबर खाली गेले होते. "त्यांचं काम वाचलं," ती म्हणाली. हातातली फोकांची मूठ तिने स्लेजवर टाकली.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. समितीची तुव्हा स्कूटर घेऊन आली होती, मागे फोकांचा भारा. वयाने माझ्याएवढीच. तिने आमच्याकडे पाहिलं, फोकांच्या भोकांच्या त्या गोलाकडे पाहिलं.

"इथे काय, फेर धरला होता?"

कुणी हसलं नाही. मी सगळं सांगितलं. तुव्हाने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"बारा वाजून गेले, गुन्वोर. पण मी अजून आलेच नाही असं समज, तासाभरात रांग पुरी कर. स्टाइनबू समोरच तर आहे. मी काही पाहिलं नाही."

"पाहिलंस ना?"

"हो, पण..."

"मग पाहिलंस." गुन्वोरने स्लेजवरचे उरलेले फोक उचलून स्कूटरवर टाकले, त्यावर लाल लोकरीचा गुंडा ठेवला. "गाठ घट्ट मार. वारा पश्चिमेचा असतो."

तुव्हा पुढे गेली. थोड्या अंतरावर स्कूटर थांबली; पहिला फोक उभा राहिला. मला तिकडे बघवेना आणि गुन्वोरकडेही बघवेना, म्हणून मी आस्मुंदकडे पाहिलं. तो नाक पुसत होता आणि थंडीला शिव्या देत होता.

गुन्वोरने स्की अडकवल्या. दोन्ही हातांत दोन काठ्या घेतल्या आणि त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. या वाटेवर तिच्या एका हातात कायम फोकच असे. मग तिने काठ्या रोवल्या आणि निघाली. आधी जपून. मग लांब लांब ढांगा. मग तर ती सुटलीच!

"गुन्वोर! अगं थांब!" आस्मुंद ओरडला.

"कशाला?" तिने मागे न बघता आरोळी दिली. "थांबायचं काम आता तुव्हाकडे गेलं!"

आम्ही दोघे धापा टाकत मागे. तुव्हा खाली वाकून गाठ मारत होती तेव्हा गुन्वोर तिच्या स्कूटरला मागे टाकून गेली. पुढे कोरं पठार, एकही फोक नसलेलं. स्टाइनबूच्या धुराड्याच्या रोखाने ती सरळ चालली होती आणि तिच्यामागे बर्फात दोन रेघा उमटत होत्या.

तुव्हा उठली. पुढचा फोक कुठे रोवावा म्हणून तिने नकाशा काढला, त्या रेघांकडे पाहिलं, नकाशा खिशात घातला आणि रेघांच्या कडेने फोक रोवत निघाली.