डावऱ्यांचं गाव

"यांचे खिसे चुकीच्या बाजूला आहेत," शेपूट म्हणाला.

"कुणाचे?"

"या फोटोतल्या सगळ्या माणसांचे."

मावशीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर सीमेपलीकडच्या देशाचा नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले होते आणि मधोमध सहलीचं माहितीपत्रक होतं. खारू त्यावर ओणवी झाली. दरवाजात उभा असलेला सुतार, शेजारचा चांभार, सायकल धरून उभा असलेला म्हातारा, सगळ्यांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता.

"अरे, ते डावरे आहेत ना," खारू म्हणाली. "उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा खिसा डावीकडे असतो. मग डावऱ्यांचा उजवीकडे असणार. सोपं आहे."

ती असं म्हणाली खरी, पण तिला आतून गुदगुल्या होत होत्या. खारू स्वतः डावरी. घरातली कात्री तिच्या हातात आली की कागद चावायची. शाळेतल्या बाकाची लिहायची फळी उजवीकडे, त्यामुळे परीक्षेत तिची मान वाकडी व्हायची. आणि हे माहितीपत्रक तिच्या हाती लागलं, तेव्हा तिने पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर सुताराच्या डाव्या हातातला हातोडा. मग चांभाराच्या डाव्या हातातली आरी. मग खिडकीत बटाटे सोलणाऱ्या बाईच्या डाव्या हातातली सुरी. अख्खं गाव डावरं! खाली छापलं होतं: 'जिथे पर्यटकांचं पाऊल पडलेलं नाही असं अनवट गाव. चार दिवस.'

मावशी रुग्णालयात परिचारिका. तीन वर्षांत तिने सलग सुट्टी घेतली नव्हती. या वर्षी चारच दिवस मिळाले होते. "दिवसभर वॉर्डात माणसंच माणसं," ती म्हणाली होती, "तेव्हा जिथे सगळे जातात तिथे मला नेऊ नका. तळ्याकाठचं ते प्रसिद्ध शहर तर नकोच. बाकी तुम्ही ठरवा." आणि खारूने हट्ट धरून हे गाव ठरवलं होतं. आज संध्याकाळी पाचपर्यंत नावं नोंदवायची होती. मावशी ड्युटी संपवून चारला परस्पर सहलवाल्याच्या कार्यालयात पोहोचणार होती.

"मला एक कळत नाही," नकाशा भिंगातून बघत पुटपुटला. नकाशा म्हणजे मावशीचा मुलगा, सगळे त्याला याच नावाने हाक मारत. तेरा वर्षांचा, आणि कुठल्याही गावाला जायचं म्हटलं की आधी बसचं वेळापत्रक मागणारा. "इथे मागे दुकानावर पाटी आहे. त्या देशातली अक्षरं आपल्यासारखीच असतात, आईची पुस्तकं पाहिलीत ना मी. मग ही वाचता का येत नाहीत?"

"जुनी लिपी असेल. अनवट गाव आहे."

"काहीही."

शेपूट एव्हाना कंटाळला होता. तो आठ वर्षांचा, खारूचा सख्खा भाऊ. ही दोघं जातील तिथे मागे मागे, म्हणून शेपूट. त्याने डब्यातली लिमलेटची गोळी शर्टाच्या खिशात टाकली आणि ती दिसते का ते बघायला आरशासमोर गेला.

"ताई, आरशातला मीपण डावराच आहे," तो म्हणाला. "माझापण खिसा उजवीकडे."

खारू हसली आणि मधेच थांबली. तिने माहितीपत्रक उचललं, सरळ आरशापुढे गेली आणि फोटो आरशासमोर धरला.

सुताराचा हातोडा उजव्या हातात गेला. चांभाराची आरी उजव्या हातात. बाईची सुरी उजव्या हातात. सगळे खिसे डावीकडे आले. नकाशाने भिंग पुढे केलं आणि पाटी वाचली. एक एक अक्षर, सावकाश. ते त्याच प्रसिद्ध तळ्याकाठच्या शहराचं नाव होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'नौकाविहार, तिकिटं इथे मिळतील.'

खारूचे कान तापले. डावरं गाव नव्हतंच. एक गर्दीचं शहर होतं, उलटं छापलेलं.

"मी मावशीला तिथेच घेऊन चालले होते," ती म्हणाली. "तिचे चारच्या चार दिवस."

"आईला सांगू या. विषय संपला."

"आणि तो माणूस म्हणेल, छापखान्याची चूक. फोटो चुकला, गाव बरोबर आहे. मग?" खारूने पत्रकाची घडी घातली. "आधी त्याच्याच तोंडून काढायचं. शेपटा, आरसा घे. तो छोटा, दाढीचा."

सहलवाल्याच्या कार्यालयात भिंतभर तळी, डोंगर आणि हसणारी कुटुंबं चिकटवलेली होती. बाकावर एक वयस्कर जोडपं तेच माहितीपत्रक घेऊन बसलं होतं. सहलवाले काका फोनवर बोलता बोलता पेनाने कान खाजवत होते. मुलांना पाहून त्यांनी फोन ठेवला.

"या या. मावशी कुठे आहेत?"

"येतेय," खारू म्हणाली. "काका, एक विचारू? तुम्ही त्या गावाला गेला आहात ना?"

"चार वेळा."

"तिथे सगळे डावरे का असतात?"

काकांनी फोटोकडे ओझरतं पाहिलं. क्षणभरच. "ती तर त्या गावाची खासियत आहे, बाळ. पिढ्यान्‌पिढ्या डावरे. आमच्या सहलीतले लोक थक्क होतात."

"म्हणून खिसे उजवीकडे?" शेपटाने विचारलं.

"हुशार आहेस. तिथले शिंपी मुद्दाम तसेच शिवतात."

"आणि घड्याळाचे काटे?" नकाशाने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. "मी वाचलं होतं की तिथल्या चौकातलं घड्याळ उलटं फिरतं."

"फिरतं की. मी स्वतः त्याच्यावर माझं घड्याळ लावायचा प्रयत्न केला होता. काय ती गंमत."

बाकावरच्या आजोबांनी चष्मा काढला. "घड्याळ उलटं फिरतं?" ते आजींना म्हणाले. "मग मी तिथे तरुण होऊन येतो."

"ते मी आत्ता मनाने बनवलं," नकाशा म्हणाला.

खारूने शेपटाच्या हातातून आरसा घेतला, फोटो त्याच्यासमोर धरला आणि आरसा आधी आजी-आजोबांकडे वळवला. "आजी, पाटी वाचता येते का बघा." आजींनी वाचली, मोठ्याने. तेवढ्यात दारात मावशी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पायात दिवसभर चालून दमलेले बूट. तिने ते नाव ऐकलं.

"हे काय आहे?" मावशीने विचारलं.

"ताई, गैरसमज होतोय," काका म्हणाले. "मजकूर डावीकडे यायचा होता, म्हणून छापखान्याने फोटो फिरवला."

"फोटो फिरवला. आणि गाव?"

काकांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, ते गाव खरं आहे. पण दोन तास पुढे, वळणावळणाचा रस्ता. बसवाले कुरकुर करतात. आम्ही तळ्याच्या मागच्या काठाला उतरवतो. तिथे शांत असतं. लोकांना कळतही नाही. गेल्या वर्षी एकानेही तक्रार केली नाही."

"कळत नाही म्हणून चालतं?" खारूने विचारलं. "माझी मावशी वर्षभर दुसऱ्यांची औषधं वेळेवर देते. एकाची गोळी दुसऱ्याला दिली आणि म्हणाली, त्याला कुठे कळतंय, तर चालेल तुम्हाला?"

मावशीने खुर्ची ओढली आणि बसली.

"त्या गावाचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?"

"असेल कुठेतरी. मी त्यांना पत्र टाकलं होतं. माहिती पाठवा, फोटो पाठवा, आमचे पर्यटक येतील म्हणून. पण छापखान्याला घाई होती." त्यांनी खालचा खण उघडला आणि एक जाड पाकीट काढलं. त्यावर परदेशी तिकिटं होती. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

"हे कधी आलं?" नकाशाने शिक्का पाहिला. "दीड वर्ष झालं."

मावशीने पाकीट फोडलं. आत सहा फोटो होते. एकात ताज्या पांढऱ्या रंगाच्या भिंतींची खोली, दोन पलंग, खिडकीत कुंडी. एकात दहा-बारा माणसं एका दारासमोर ओळीत उभी, न हलता, जणू शाळेचा फोटो काढताहेत. सोबत चिठ्ठी. मावशीचं परिचारिकेचं शिक्षण त्याच देशात झालं होतं. तिने चिठ्ठी वाचली आणि मराठीत सांगितली: "पाच खोल्या रंगवल्या आहेत. बसथांब्यावर बाक टाकला आहे. कधी येताय ते कळवा." खाली फोन नंबर होता.

"आणि तुम्ही पाकीटसुद्धा उघडलं नाही," आजी म्हणाल्या. त्यांनी हातातलं माहितीपत्रक टेबलावर उपडं ठेवलं.

मावशीने काकांचा फोन स्वतःकडे ओढला. काका म्हणाले, "परदेशी फोन आहे, ताई." मावशीने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. औषध घ्यायला नाही म्हणणाऱ्या रोग्याकडे ती असंच पाहते, हे नकाशाला ठाऊक होतं. काकांनी हात मागे घेतला.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईचा आवाज आला. मावशी बोलत होती, थांबत होती, मान हलवत होती. मधेच तिने फोनवर हात ठेवला.

"ही खानावळ चालवते. म्हणते, मागचा अख्खा उन्हाळा बसथांब्यावर जाऊन वाट पाहिली. कुणीच आलं नाही. वाटलं, फोटो पाहून लोकांना आमचं गाव आवडलं नसेल."

खारू फोनजवळ सरकली. "तिला सांग मावशी, लोकांना फोटो दाखवलेच नाहीत कुणी."

मावशीने सांगितलं. पलीकडचं ऐकून ती पुन्हा मुलांकडे वळली.

"ती म्हणतेय, तिथे पाहण्यासारखं काहीच नाही. एक ओढा आहे आणि चढ आहे. येऊन करणार काय?"

"चढ चढू," शेपूट म्हणाला.

नकाशाने एव्हाना वेळापत्रकाचं पुस्तक भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून उघडलं होतं. "सीमेपर्यंत रेल्वे. पुढे बस मंगळवारी आणि शुक्रवारी. आई, तुझी सुट्टी मंगळवारी सुरू होते आणि आपण शुक्रवारी परततो. बरोबर बसतंय. एकाही सहलवाल्याची गरज नाही."

"माझ्या सुट्टीची कुणी एवढी काळजी घेतली नव्हती आजवर," मावशी म्हणाली. मग खारूकडे वळली. "ठरवणारी तूच होतीस. आता सांग, जायचं का?"

"तिथे कुणी डावरं नसेल," खारू म्हणाली. मग तिने त्या ओळीत उभ्या असलेल्या माणसांकडे पुन्हा पाहिलं. "जायचं."

"आम्हा दोघांनाही धरा," आजोबा म्हणाले. "चढ आम्ही खालूनच बघू. आणि पोरांनो, तुम्ही नसतात, तर मी उद्या त्या मागच्या काठावर उभा राहून वा वा म्हणत असतो."

मावशीने फोनवर सांगितलं, सहा जण. मग ती बाई फोनपासून दूर जाऊन ओरडून काहीतरी बोलली, आणि कुठल्याशा दाराआडून दोन-तीन आवाजांनी तिला उत्तर दिलं.

"काय म्हणतेय?" तिघांनीही एकदमच विचारलं.

मावशीचे डोळे ओले झाले होते आणि ती हसत होती.

"चादरी बाहेर काढा म्हणतेय. लोक येताहेत."