राजूरच्या गिरणीतली हवा

हवेवर चालणारी मशीनं दुरुस्त करणं हे माझं काम. राहते भिंगारला, नोकरी नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत. जिल्ह्यात कुठंही आमचं मशीन अडलं की हत्यारांची पिशवी उचलायची आणि निघायचं. बहुतेक वेळा मशीनला काहीच झालेलं नसतं. कुणी टाकीतलं पाणी काढलेलं नसतं, कुणी हवेच्या नळीवर पोतं टेकवलेलं असतं. अर्धा दिवस प्रवास करून पोचायचं, पोतं उचलायचं आणि परत यायचं. त्यामुळे राजूरच्या भात गिरणीतून गोरक्षभाऊंचा फोन आला तेव्हा मी ऐकायच्या आधीच वैतागले होते.

"मॅडम, त्यो जबडा आपोआप मिटतोय."

"प्रेशर वाढलं असेल. कमी करा."

"कॉम्प्रेसर बंद हाय वो. जेवायच्या सुट्टीत मिटतोय."

"टाकीत हवा उरते भाऊ. सुट्टी झाली की टाकी मोकळी करा."

"केली ना मोकळी."

"मग नाही मिटणार."

"व्हय," ते शांतपणे म्हणाले, "पन मिटतोय."

तेच बोलणं आठवडाभर रोज झालं. शेवटी साहेब म्हणाले, "यामिनी, जाऊन ये एकदा, नाहीतर तो माणूस मला फोन करायला लागेल."

एसटीनं संगमनेर, तिथून अकोले, अकोल्याहून जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली की मांडीवरची पिशवी कुणाच्या मांडीवर आहे तेही कळत नाही. गिरणी राजूरच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी. पत्र्याची लांबलचक शेड, आत कोंड्याचा उबट वास आणि प्रत्येक वस्तूवर बसलेली पिवळट धूळ. आजूबाजूच्या गावांतला इंद्रायणी आणि काळभात इथं भरडून, निवडून पिशव्यांत भरतात. गोरक्षभाऊ या शेतकऱ्यांच्या गटाचे अध्यक्ष. स्वभावाने गरीब, पण त्यांची एक सवय फार त्रासदायक होती. मी काहीही सांगितलं की ते आधी "बरोबर हाय तुमचं" म्हणायचे आणि मग स्वतःचंच पुढे रेटायचे.

मशीन साधं आहे. वरच्या नळकांड्यातून तांदूळ पडतो, खाली बाई पिशवी धरते. पायाशी पेडल असतं. ते दाबलं की रबरी ओठांचा एक जबडा पिशवीचं तोंड आवळतो. पिशवी भरली की सोडतो. जबड्याच्या मागे मनगटाएवढा एक सिलिंडर, त्यात पिस्टन. पलीकडे भिंतीशी कॉम्प्रेसर, आणि तिथून मशीनपर्यंत एक निळी नळी. बस, एवढंच.

"हे बघा भाऊ," मी म्हणाले. "कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत दाबून भरतो. सायकलच्या पंपासारखं. ती दाबलेली हवा सुटायला धडपडत असते. आपण तिला नळीतून एकच वाट देतो, पिस्टनच्या मागे. ती पिस्टन ढकलते, पिस्टन जबडा ढकलतो. हवा नाही तर ढकलणारं कुणी नाही. हे लोखंड आहे, त्याला स्वतःची हौस नसते."

"बरोबर हाय तुमचं," गोरक्षभाऊ म्हणाले. "पन दुपारचा मिटतोय."

पिशव्या भरणाऱ्या बायडाबाई बाजूलाच उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, काटक, आणि बोलायला थांबणं ठाऊक नसलेल्या. डोंगरातल्या वाडीवरून रोज चालत यायच्या. मी व्हॉल्व्ह खोलत असताना त्यांनी मला घोटीला दिलेल्या लेकीची सासू, लेकीचं शिलाई मशीन आणि जावयाचं पोट, सगळं सांगून टाकलं. मला स्क्रू मोजता येईना.

व्हॉल्व्हमध्ये कोंड्याची धूळ सापडली. मी तो बदलला. सुट्टीत मशीनसमोर डबा खाल्ला. जबडा उघडा तो उघडाच राहिला. सही घेतली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मॅडम, तुमी हुत्या तवर गप हुता. तुमची जीप गेली अन् मिटला."

मी पुन्हा गेले. या वेळी सगळ्यांच्या देखत करून दाखवायचं ठरवलं होतं, म्हणजे हा विषय संपेल. कॉम्प्रेसर बंद केला. प्लग काढला. टाकीची खालची तोटी उघडली, हवा ओरडत बाहेर आली आणि हळूहळू गप्प झाली. काट्यावर शून्य. मग नळीचं टोक टाकीवरून उपटून काढलं आणि गोरक्षभाऊंच्या नाकासमोर धरलं.

"येतेय का हवा?"

"न्हाई."

"म्हणजे आता हे मशीन आणि बाहेरचा तो दगड, दोन्ही सारखंच. पटलं?"

"पटलं की."

बायडाबाईंचं बोलणं चालूच होतं. जबड्यात फाटक्या पिशवीचा तुकडा अडकला होता. लेकीला दिवाळीत काय घेतलं ते सांगता सांगता त्यांनी तो काढायला हात घातला.

जबडा मिटला.

एरवी तो फाडकन मिटतो. त्या वेळी आवाज आला नाही. सावकाश मिटला, जागा चुकू नये इतक्या बेताने, आणि बायडाबाईंचा हात मनगटाच्या खाली धरला गेला.

मी पेडल दाबलं. काही नाही. दोन्ही हातांनी जबडा मागे ढकलला. हवा नसलेला सिलिंडर बोटाने मागे सरतो. हा थोडा दबला आणि परत आला, टम्म फुगलेलं टायर दाबल्यासारखा. गोरक्षभाऊंनी पहार आणली. मी पहार नको म्हणाले, हात मोडेल.

"मावशी, दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. पहिल्यांदाच त्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दुखत न्हाई. नुसतं धरलंय."

"धरलंय म्हणजे?"

"धरत्यात तसं. ऊन लागतंय वो आतून."

रबर थंडीत गरम लागण्याचं काही कारण नव्हतं. मी हात लावून पाहिला नाही. त्यांचा चेहरा काळा-निळा पडत चालला होता, आणि माझ्या लक्षात आलं की त्या श्वास रोखून उभ्या आहेत.

"मावशी, दम सोडा. घाबरू नका. सोडा दम."

त्यांनी खूप लांब श्वास सोडला. त्याबरोबर जबडा उघडला.

हातावर ओरखडासुद्धा नव्हता. गोरक्षभाऊ देवाचं नाव घेत खाली बसले. मी म्हणाले, दम सोडला म्हणून हात सैल पडला आणि निघाला. त्यांनी मान डोलावली. पण हात निघाला नव्हता. जबडा उघडला होता, आणि तो उघडताना मी बघत होते.

मला राग आला होता. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. मी कॉम्प्रेसर टेम्पोत घालून नगरला न्यायला लावला, आणि तो परत येईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. आमच्या वर्कशॉपमध्ये मी तो सगळा खोलला. पिस्टन, रिंगा, झडपा. कशातही दोष नव्हता. दोष नाही म्हटल्यावर मला आणखीच चीड आली. मी परत जोडला आणि फोन केला.

"भाऊ, कॉम्प्रेसर तयार आहे. टेम्पो पाठवते."

"ऱ्हाऊ द्या मॅडम. घाई न्हाई. मशीन चालू हाय."

त्यांच्या मागून आवाज येत होता. फट्, फुस्स. फट्, फुस्स.

"दुसरा कॉम्प्रेसर आणलात?"

"न्हाई वो."

"मग कशावर चालू आहे?"

"बायडाबाई बसत्यात," ते म्हणाले. "त्या बसल्या की चालतंय. घरी गेल्या की बंद. लई चांगलं चाललंय, मॅडम. ऑर्डरी पुऱ्या झाल्या."

मी फोन ठेवला आणि साहेबांना सांगितलं की त्या गिरणीत कुणीतरी माझी चेष्टा करतंय. कॉम्प्रेसर न घेताच गेले. मला फक्त त्यांनी कुठंतरी लपवलेली दुसरी हवेची लाइन शोधायची होती. जत्रेतल्या पाळण्यालासुद्धा इंजिन लागतं.

पोचले तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. शेडच्या दारात उभी राहिले आणि आधी जाणवली ती शांतता. कॉम्प्रेसर असला की त्या पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. आता बाहेरच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. भरलेल्या पिशव्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती.

बायडाबाई मशीनसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. पाय पेडलवर नव्हते, स्टुलाखाली दुमडून घेतले होते. खांदे उतरले होते, गळ्याची हाडं दिसत होती.

"आल्या का मॅडम," त्या म्हणाल्या.

फट्.

"बसा की."

फुस्स.

"लेकीचा फोन आल्ता काल."

फट्.

त्या अजून तशाच बोलत होत्या, फक्त तुकड्या-तुकड्यांनी. मी भिंतीकडे गेले. कॉम्प्रेसरची जागा मोकळी होती, चार बोल्टची भोकं तेवढी. शेडची मागची बाजू पाहिली, पत्र्यामागे पाहिलं, मशीनखाली उताणी झोपून पाहिलं. दुसरी लाइन नव्हती. निळी नळी मशीनमधून निघून जमिनीवर आली होती आणि तिचं टोक बायडाबाईंच्या पायांशी उघडं पडलं होतं. कशालाही जोडलेलं नव्हतं. त्याच्याभोवती कोंड्याची धूळ होती. ती हलत नव्हती.

मी कपडे झटकत उठले. "तब्येत बरी आहे ना मावशी?"

"बरी हाय की." फुस्स. "जरा दम लागतोय आजकाल."

तेव्हा मी नीट बघितलं. त्यांची छाती वर आली की जबडा मिटत होता. खाली गेली की उघडत होता. पिशवी भरत होती, पुढची लागत होती.

यात नवल नाही, असं मी मनाशी म्हटलं. मशीनवर बसणाऱ्या माणसाला मशीनची लय लागतेच. घण मारणाऱ्याचा श्वास घणाबरोबर चालतो. मशीन श्वासामागे चालत नाही, श्वास मशीनमागे चालतो. हे तपासायला एक सोपा मार्ग आहे. प्रत्येक मेकॅनिक तो रोज वापरतो. हवा तोडायची असेल तर नळी हातात धरायची आणि दुमडायची.

गोरक्षभाऊ दारातून आत येत होते. मी वाकून नळी उचलली.

"आता एवढ्या लांबनं आल्याच हाय तर," बायडाबाई म्हणत होत्या, "च—"

मी नळी दुमडली.

मशीन थांबलं. जबडा मिटलेलाच राहिला.

मी आधी मशीनकडे बघितलं. माझ्या धंद्यात तिकडेच बघतात. म्हणजे हवा नळीतूनच येतेय, असं मी म्हणाले, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग कळलं की बायडाबाईंनी वाक्य पुरं केलेलं नाही.

त्यांचं तोंड उघडं होतं. डोळे माझ्यावर होते. त्यात भीती नव्हती. लाइट गेल्यावर माणूस जसा आहे तिथंच थांबतो, तशा त्या थांबल्या होत्या.

छाती हलत नव्हती.

मी नळी सोडली.

फुस्स.

"—हा घेऊनच जा," बायडाबाई म्हणाल्या, आणि पुढची पिशवी लावली.

गोरक्षभाऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बघितलं होतं की नाही, मला कळलं नाही. ते नळीकडे बघत होते. मी जिथं दुमडली होती तिथं पांढरा वळ उठला होता, आणि त्या वळावर केसासारखी बारीक चीर होती.

"फाटली व्हय मॅडम? बदलून टाका ना. तुमच्या पिशवीत असंल नवी."

होती. नवी निळी नळी, वेटोळं करून ठेवलेली. जुनी ओढून काढायची, नवी खुपसायची. दोन श्वासांचं काम.

"नाही आणली," मी म्हणाले.

चिरेवर तळहात धरला. ऊन हवा बाहेर येत होती, फार थोडी. मी टेप काढली आणि गुंडाळायला लागले, एकावर एक, गच्च. गोरक्षभाऊ म्हणाले, "बास की, लई झाली." तरी गुंडाळत राहिले.

बायडाबाईंची माझ्याकडे पाठ होती. त्या नळकांड्यातून पडणाऱ्या तांदळाकडे बघत होत्या.

"आता बरं वाटलं बघा जरा," त्या म्हणाल्या.

मी टेप तोडली आणि शेवटची कड अंगठ्याने दाबून धरली. खूप वेळ धरली. मग अंगठा काढला.

कड किंचित फुगली. मग बसली. मग पुन्हा फुगली.