कुणालाही ‘हो’ म्हणणारा

दवाखान्याच्या काउंटरवर ओली छत्री आपटून तिने विचारले, "हा पीएचपीचा प्रोग्राम लिहिणारा शहाणा कुठे सापडेल?"

काउंटरखाली तार जोडणाऱ्या तरुणाने उठताना डोके आपटून घेतले. "सापडला... आत्ताच."

ती प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीची नवी तपासनीस होती. संतापायला कारणही तसेच होते. त्या सकाळी औषध देण्याआधी परिचारिकेने एका चिमुरडीच्या आईला ॲलर्जीबद्दल पुन्हा विचारले, म्हणून अनर्थ टळला. तिच्या ॲलर्जीची नोंद प्रोग्राममधल्या रुग्णाच्या क्लासऐवजी, म्हणजे रुग्णाच्या माहितीच्या कप्प्याऐवजी, भेटीच्या वेळेच्या क्लासकडे गेली होती. तिथे तिला जागाच नव्हती. तरीही या तरुणाने बसवलेल्या जादुई सेटरने, म्हणजे आधी न ठरवलेलीही कुठलीही माहिती स्वीकारणाऱ्या कोडने, ती निमूट ठेवून घेतली, आणि सेव्ह करताना ती नाहीशी झाली.

"जागा नव्हती, तर ‘नाही’ म्हणायला त्याची जीभ झडली होती?"

"सगळ्यांची सोय व्हावी म्हणून... कुणीही काहीही ठेवावं—"

"ही सोय नव्हे, धर्मशाळा आहे!"

त्याने हसू दाबले. तिचा राग दुणावला. त्या हसऱ्या डोळ्यांवरून नजर काढायला मात्र क्षणभर उशीरच झाला.

पुढे कित्येक दुपारी दोघे एकाच पडद्यासमोर बसले. नाव, वय, ॲलर्जी... प्रत्येकासाठी तिने त्याच्याकडून वेगळा, तपासून घेणारा सेटर लिहून घेतला. प्रयोगशाळेच्या यंत्रांशी येऊन तो अडला.

"प्रत्येक यंत्र आपल्या मर्जीची माहिती पाठवतं. नावं आधी ठाऊकच नसतात. इथे तरी जादू राहू द्या."

तिने विचार केला. "राहील. पण फक्त गेटर, आलेली माहिती काढून देणारा. आणि न आलेली गोष्ट मागितली, तर त्याने ठणकावून चूक दाखवायची."

"म्हणजे मी अगदीच टाकाऊ नाही?"

"मी कोडबद्दल बोलतेय."

"मीही... बहुतेक."

इतक्यात त्याचा फोन वाजला. दूरगावची ताई खणखणीत आवाजात विचारत होती, "तुझ्या भाऊजींच्या दुकानात कायमचा येतोयस ना रे? यांना शब्द देऊ?"

"हो, ताई."

त्याने फोन ठेवताच शेजारी बसलेली ती कडाडली, "जायचंय तुम्हाला?"

"नाही."

"मग हो का म्हणालात?"

"ताईचं मन मोडवत नाही."

"आणि माझं मोडवतं?"

शब्द सुटून गेला होता. तिचे कान तापले. पण मान खाली घालणाऱ्यांतली ती नव्हे. ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकार घेऊन कुणी करावे तरी काय!

त्याने फोन उचलला. ताईचा नंबर लावला. "ताई, मी येणार नाही... हो, रागव. तरीही नाही."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "कोण आहे रे ती?"

त्याने तिच्याकडे पाहिले. "कोण म्हणून सांगू?"

"आधी मला रीतसर विचारा," ती अजून धुमसतच होती, "ताईंना मग सांगा."

त्याने विचारले... फोन चालू ठेवूनच. तिने त्याला एकवार नखशिखान्त न्याहाळले, आणि पुढे वाकून फोनमध्येच म्हणाली, "ताई, माझी हरकत नाही. तुमची असेल, तर आत्ताच बोला."