भिंतीकडे तोंड केलेली देवी

मातीच्या झाकणाचा ‘टक्’ असा आवाज झाला आणि मेरुतला जाग आली. शेजारी तिचा मुलगा पाशेद झोपला होता, दुखऱ्या डोळ्यांवर ओली पट्टी. ती उठून पुढच्या खोलीत आली. देवीच्या कोनाड्यापाशी शेजारची मेनात उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

“मेरुतवहिनी, मडकं रिकामं आहे,” ती म्हणाली. “कुणीतरी दूध ओतून टाकलं.”

थोड्या वेळानं मेरुत वेबखेतच्या दारात होती. पुरुषमाणसं डोंगरापलीकडे राजांच्या थडग्यांवर मुक्कामाला गेली, की कारागिरांच्या त्या वस्तीत बायकाच उरायच्या. मग काही हरवलं, कुणाला दृष्ट लागली, पोर रडायचं थांबेना, की सगळ्या वेबखेतकडे धावायच्या. तिला ‘जाणती’ म्हणत. तिची नणंद हुन्रो तिच्यासोबत राहायची. हुन्रोला सगळं उशिरा कळायचं, भूक मात्र लवकर लागायची.

“तुम्हीच सांगितलं होतं,” मेरुत म्हणाली. “जिला मुलगा झालाय अशाच आईचं दूध, इसेतदेवीच्या मडक्यात ठेवून, पोराच्या डोळ्यांत घालायचं. मेनात बिचारी सकाळ-संध्याकाळ वाटीभर आणून ओतत होती. पाशेदचे डोळे उघडायला लागले होते हो. आज तुम्ही मंत्र म्हणणार, मेनात मडक्यावर हात ठेवून दूध कुणाचं ते देवीला सांगणार, आणि नेमकं आजच हे.”

“कुणावर संशय?”

“संशय कसला? तासाकेत. मेनातची थोरली जाऊ. धाकटीला मुलगा झाला, हिला मुलगी. धाकटीचं दूध देवीच्या मडक्यात, हिला कोण विचारतंय? मी तिला पंचांपुढे नेणार. शिखरावरच्या नागिणीची शपथ घ्यायला लावणार.”

हुन्रोचा घास तोंडातच राहिला. शिखरावरची नागीणदेवी मेरेतसेगेर खोटी शपथ घेणाऱ्याला आंधळं करते, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणून होतं.

तिघी मेरुतच्या घरी आल्या. कोनाड्यात ते मडकं होतं. बसलेल्या बाईच्या आकाराचं, डोक्यावर सिंहासनाच्या आकाराचा मुकुट, मांडीवर तिचं बाळ होरस. आज मात्र इसेतचं तोंड भिंतीकडे होतं. जमीन कोरडी. खालच्या नैवेद्याच्या दगडावर पांढरं साकळलेलं, त्यावर मुंग्या.

“चोर भलताच नीटनेटका,” हुन्रो म्हणाली. “थेंब सांडला नाही.”

“चोराला देवीकडे बघवत नव्हतं,” वेबखेत म्हणाली.

मेरुतची सासू तुई कोपऱ्यात लसूण सोलत होती. “माझ्याकडे बघू नका. मला हे दूधबीध पटत नाही, उघड सांगते. हिरवं अंजन घाला म्हटलं, तर सून ऐकेल तर ना. पण मला ओतायचं असतं तर अंगणात ओतलं असतं, हिला दाखवून.”

वेबखेत आणि हुन्रो शेजारी, दोघी जावांच्या घरात गेल्या. दोन तान्ही एकाच चटईवर झोपली होती. मेनात त्यांच्यापाशी बसली होती, तासाकेत दगडावर गहू रगडत होती.

“दूध तू ओतलंस?” वेबखेतनं तासाकेतला विचारलं.

दगड फिरत राहिला. “मेरुतबाई म्हणतात, तर मीच असेन.”

“हे काय उत्तर झालं?”

“दुसरं नाही माझ्याकडे.”

एवढ्यात मेनातचा मुलगा जागा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं. मेनातनं त्याला उचललं, थोपटलं, येरझाऱ्या घातल्या.

“अगं, पाज की त्याला,” हुन्रो म्हणाली.

“आत्ताच पाजलंय.”

तासाकेतनं घाईनं पदर छातीवर ओढला, तरी कापडावर दोन ओले डाग पसरत गेले. “रगडून रगडून घामाघूम झालीय बिचारी,” हुन्रो पुटपुटली.

“मेनात, दूध तू काढतेस कुठं?” वेबखेतनं विचारलं.

“घरीच. लोकांसमोर लाज वाटते. वाटीत काढते आणि नेऊन ओतते.”

वेबखेतनं दोघी जावांना मेरुतच्या घरी बोलावलं. तासाकेत उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला आत ये कुणी म्हणालं नाही.

“मेरुत, सकाळी मेनात कशी उभी होती?”

“सांगितलं ना, दोन्ही हात तोंडावर.”

“मग वाटी कुठं होती?”

मेरुतनं कोनाड्याभोवती नजर फिरवली. वाटी नव्हती.

“रोज वाटी घेऊन येणारी आज हात हलवत आली. आज इथं दूध ओतायचं नाही, हे तिला निघतानाच ठाऊक होतं.”

“पण वहिनी, स्वतःचंच दूध कोण ओतून देईल?” हुन्रो म्हणाली.

“स्वतःचं नव्हतं. मघाशी मेनातचं पोर रडलं तेव्हा पान्हा कुणाला फुटला? तुला तो घाम वाटला. बाळ भुकेनं रडत होतं आणि आईचं कापड कोरडं होतं. त्याला तासाकेत पाजते. हे मडकंही तीच भरत होती. मुलीची आई.”

मेनात मटकन खाली बसली. “आटलं माझं. मुलाची आई म्हणून सगळ्या मिरवतात, आणि छाती कोरडी. कोणत्या तोंडानं सांगू? ताई म्हणाल्या, मी देते, कुणाला कळतंय. पण देवीच्या अंगावर हात ठेवून खोटं बोलले असते, तर पाशेदचे डोळे गेले असते. रस्त्यावर फेकवेना, म्हणून तिलाच वाहिलं. तिचं तोंड फिरवलं, मग हात चालला.”

मेरुत दाराकडे वळली. “तू का बोलली नाहीस?”

“बोलले असते तर हिची लाज गेली असती,” तासाकेत म्हणाली. “माझी काय, तुमच्या हिशेबानं मुलगी झाली त्याच दिवशी गेली.”

मेरुतनं मान खाली घातली. तुईच्या हातातली लसूण तशीच राहिली.

“वहिनी,” हुन्रो सावकाश म्हणाली, “वैरी सेतनं होरसचे डोळे काढले, तेव्हा हाथोरदेवीनं त्यांत हरिणीचं दूध घातलं होतं ना? त्या हरिणीचं पाडस नर होतं की मादी?”

तिनं सहज विचारलं होतं. पण वेबखेतचे कान तापले. तो नियम तिनं आईकडून ऐकला होता आणि दारोदार सांगितला होता. भरल्या छातीनं मदतीला आलेल्या कितीजणींना तिनं स्वतः परत पाठवलं होतं. त्यांतल्या एकीचाही चेहरा तिला आठवेना.

“तासाकेत,” मेरुत म्हणाली, “थोडं असेल तर... पाशेदला...”

“वाटी द्या,” तासाकेत म्हणाली.

तुई उठली, तिनं वाटी आणून दिली आणि तासाकेतला हाताला धरून आत घेतलं.

तासाकेतनं कोपऱ्यात बसून वाटी भरली. बोलण्यानं पाशेद जागा झाला होता. भिंत चाचपत तो बाहेर आला आणि त्यानं पट्टी वर सरकवली. एक डोळा किलकिला उघडला.

“हे कुणाचं दूध?”

“तासाकेतकाकूचं.”

“रोजचं पण?”

“रोजचं पण,” मेरुत म्हणाली.

“आणि मेनातकाकूच्या बाळाला पण तीच देते?”

“हो रे.”

त्यानं जरा विचार केला. मग, मोठी माणसं वळायची तसा, तोही जाणतीकडे वळला.

“वेबखेत आजी, मग तासाकेतकाकूची तान्ही काय पीत होती?”