बाबांच्या शर्टाचा खिसा

“अहो बाई, काय करताय काय!”

मी दचकले. सुई बोटात घुसली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला रखवालदार समोर उभा होता... उंच, झोपाळू डोळ्यांचा.

शहरभर कलामहोत्सव भरला होता — जुन्या पोस्टात, गोदामांत आणि बाबांच्या बंद पडलेल्या कारखान्यात. तिथे कामगारांचे चाळीस शर्ट टांगले होते. बाबांचा मधोमध. दोन वर्षांपूर्वी मशीनच्या पट्ट्यानं ओढून त्यांचा जीव घेतला, तेव्हा फाटलेला खिसा तसाच लोंबत होता. आणि लोक त्याचे फोटो काढत होते! माझं डोकंच फिरलं.

“माझ्या बाबांचा आहे. शिवल्याशिवाय हलणार नाही मी.”

तो पाठ फिरवून पुटपुटला, “माझं लक्ष नाही.”

दुसऱ्या दिवशी पाहते तर खिसा पुन्हा फाटका!

“तुम्ही उसवलंत?”

“रोज संध्याकाळी पहिल्या फोटोशी ताडून बघायचं, बदल दिसला की पूर्ववत करायचं. पोटासाठी करतो हो.” तो घुटमळला. “टाके सुरेख होते... उसवताना जिवावर आलं.”

“गोड बोलून सुटणार नाही तुम्ही.”

“मग उद्या या भांडायला.”

गेले की! बारा दिवस मी शिवत होते, तो उसवत होता. वर मेला स्टूल आणून द्यायचा, सुईत दोरा ओवून द्यायचा. मला हसू यायचं... आणि बाबांच्या शर्टापुढे हसल्याची शरमही वाटायची. आवडायला लागला होता तो मला.

शेवटच्या दिवशी आले, तर पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या. शर्टांबरोबर तोही पुढच्या शहरात जाणार होता.

“खिसा?” मी विचारलं.

“शिवलेलाच आहे. पहिल्या फोटोच्या जागी नवा लावला आणि नोंदीच्या कागदावर सही केली. आता कुठेही टांगला तरी असाच राहील.”

“आणि तुमचे साहेब काय म्हणाले?”

“पेट्या बंद झाल्यावर कळलं त्यांना. नोकरी गेली माझी. ट्रकबरोबर दुसरा जातोय.” तो खाली बघत राहिला. “मी इथेच आहे... पण तुम्ही आता कशाला याल?”

ट्रक निघाला. मला हुंदका फुटला. बाबा गेले त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

“घरी चला,” मी म्हटलं. “खिसा शिवलेला राहणार, हे आईला तुमच्या तोंडून ऐकू दे. दोन वर्षं तिला तो फाटका खिसाच दिसतोय.”

“मी कोण, म्हणून विचारलं तर?”

“मला आवडता, म्हणून सांगेन.”