सावधाननंतरची तान

सिद्धेश्वरशी माझं लग्न ठरलं. जेवणात जिलेबी आहे.

आता हे वाचलंच नाही असं समजा. लग्नबिग्न काही नाही. सिद्धेश्वर नावाचा कुणी मुलगा मला माहीतही नाही. मी मृण्मयी, नांदेडची. रेणुकादास गुरुजींकडं लहानपणापासून ख्याल शिकते, आणि आज राजकन्या या मैत्रिणीच्या लग्नाला कंधारला आले आहे. एवढंच.

मे महिना होता. प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात, पण कंधारला तो उपलब्ध नव्हता. मंडपातला कूलर मात्र वाऱ्यापेक्षा पाणीच जास्त फेकत होता. त्या माऱ्यात आम्ही दोघंच उभे होतो — माईकसमोर मी, आणि माझ्यामागं लाल कोटातला एक क्लॅरिनेटवाला. कोटाला सोनेरी झालर. तीही भिजलेली...

राजकन्याच्या आईनं मला मंगलाष्टक म्हणायला लावलं होतं. "तू तर गाणं शिकलेली हाईस माय, चांगलं म्हण."

मी चांगलं म्हटलं. तिथंच चुकलं.

मंगलाष्टक चालीत म्हणून संपवायचं असतं. शेवटचं 'सावधान' संपलं की उरल्यासुरल्या अक्षता पडतात आणि बँड सुरू होतो. पण गुरुजींनी मला एकच गोष्ट जन्मभर शिकवली होती — घाई करायची नाही. मी शेवटचं 'सावधान' आळवायला घेतलं. 'सा'वर थांबले, 'व'कडं निघाले, वाटेत बरं वाटलं म्हणून परत आले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखून खाली आले. नवरानवरीनं एकमेकांना निवांत बघून घेतलं. एका आजोबांनी कंटाळून मूठ मोकळी केली. त्यांचं बघून निम्म्या मंडपानं केली. ढोलवाल्यानं टिपरू उचललं...

क्लॅरिनेटवाल्यानं त्याचं मनगट धरलं. "थांब. आजून हाय."

खरंच अजून होतं.

वाढपी कमी पडले म्हणून पंगतीत तो वाढायला आला. कोट काढलेला, हातात जिलेबीचं ताट.

"म्याडम, तुमचं ते गाणं कुठं चाललंय, कळतच नव्हतं."

"मग थांबलात कशाला?"

"कुठं जातंय ते बघून राहिलो होतो."

"नवरीची मावशी चक्कर येऊन पडली असती."

"हाव. पन पडली न्हाई ना."

मी हसले नाही. जिलेबी घेतली. त्याचं नाव सिद्धेश्वर, बँड त्याच्या वडिलांचा. पंगत पुढं सरकली तरी तो सरकेना.

"तुमचं बरं हाय," तो म्हणाला. "आमचं कुणी ऐकतच न्हाई. नुसते नाचतेत."

"आमचं सगळे ऐकतात," मी म्हणाले. "हलत मात्र कुणी नाही."

इतकी वर्षं मला वाटायचं, गाण्याची एक उतरंड असते — वर आम्ही, मग नाट्यगीत, मग सिनेमा, आणि सगळ्यात खाली वरातीचा बँड. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, उतरंड कुठली... ही तर शेजारची घरं. एका घरात चूल आहे, दुसऱ्यात पाणी.

मग तो क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या वेताच्या पत्त्या घ्यायला नांदेडला येऊ लागला. पत्त्या एवढ्या लवकर खराब होत नाहीत. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

एका रविवारी मी कंधारला त्याच्या सरावाला गेले आणि बँडच्या गाडीवरच्या माईकवर एक वरातीचं गाणं म्हटलं. माहेरी आलेल्या राजकन्यानं ते मोबाईलमध्ये टिपलं आणि प्रेमानं सगळ्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते गुरुजींकडं पोचलं होतं.

"पाय हलत होते तुझे," गुरुजी म्हणाले.

"हो, गुरुजी."

"ते गाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण गळ्याला घाईची सवय लागली की ती जात नाही. ठरव — माझ्यासमोर बसायचं, की त्या गाडीवर उभं राहायचं."

मला दोन्ही हवं होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "तो घाई करत नाही, गुरुजी. तो थांबतो."

"बँडवाला?"

"हो."

"आण त्याला."

सिद्धेश्वर एका वरातीतून थेट आला, लाल कोटासकट. गुरुजींनी तंबोरा जुळवला. "मी गातो. माझं संपलं की वाजव. आधी वाजवलंस, तर हिची तालीम आजपासून बंद."

गुरुजी गायला लागले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं. अखेर गुरुजी थांबले... शांतता. सिद्धेश्वरच्या ओठांना क्लॅरिनेट लागलेलं, पण फुंकर नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तो हलला नाही.

"वाजव की," गुरुजी म्हणाले.

"तुमचं संपलं न्हाई ना, गुरुजी."

"केव्हाच संपलं. मी पाणी पीत होतो."

"मला वाटलं, पानी पिऊन आजून येतंय."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला. "मैफलीत मी पाणी प्यायलो," ते म्हणाले, "की लोक चपला शोधायला लागतात."

"उद्या वेळेवर ये," ते मला म्हणाले. त्याला म्हणाले, "आता वाजव." त्यानं वरातीचीच चाल वाजवली. गुरुजींचा पाय हलला नाही. मी नीट बघत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढं थांबायला शिकलात कुठं?"

"आमच्यात आदी वाजवलं की मार पडतो."

"बस? तेवढंच?"

तो कोटाच्या झालरीशी खेळत राहिला. "न्हाई... तुमचं संपूच नये वाटतंय. म्हंजी — कधीच."

"मग वाजवू नका," मी म्हणाले.

घरचे लग्नाला तयार झाले. गुरुजींची अट एकच — मंगलाष्टक ते स्वतः म्हणणार. म्हणून हा अर्ज.

प्रति,
मा. पंचांगकर्ते (सर्व)

विषय : मुहूर्ताची लांबी वाढवून मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या विवाहाचा मुहूर्त गुरुजींचे शेवटचे 'सावधान' संपेपर्यंत चालू ठेवण्यात यावा व तोवर सूर्यास आहे त्या जागी थांबण्याचे आदेश व्हावेत. मध्यंतरी गुरुजी पाणी पीत असल्यास गायन संपले असे समजण्यात येऊ नये.

वराची थांबण्यास हरकत नाही.