लांब बाहीचा अंगरखा

राजासमोर उभं राहताना दोन्ही हात बाह्यांत पूर्ण लपवायचे, असा रिवाज होता. म्हणजे शस्त्र धरायची सोयच नाही. म्हणून शिंपी रश्नुदात दरबारी अंगरख्याची बाही बोटांच्या पुढे एक वीत ठेवी. चाळीस वर्षांत ती वीत चुकली नव्हती.

त्या वसंतात दस्किलियनच्या सुभेदाराने राजाविरुद्ध बंड पुकारलं. भर सभेत शिपायांनी बाहीतून उजवा हात बाहेर काढायचा, उंच धरायचा, की झाली बंडाची शपथ. रश्नुदाताचा एकुलता एक मुलगा, स्पितक, त्या शिपायांत होता.

"बाबा, बाही आखूड करा. हात झटकन निघायला हवा."

"राजाचा हात लांब असतो, पोरा."

"म्हणून तर बाही आखूड हवी!" शेजारचा बगिय हसला. तोही त्याच शिपायांतला. झाडावरून पडून लहानपणीच त्याची करंगळी वाकडी झाली होती. "काका, भीतीने टाके चुकवू नका हं."

रश्नुदाताने बाही मनगटाशी कापली. सकाळी ती पुन्हा वीतभर लांब होती. जोड नाही, टाका नाही. कापलेला तुकडा टोपलीतच पडलेला. त्याने पुन्हा कापली. टोपलीत दोन तुकडे झाले, बाही होती तेवढीच.

सभेच्या सकाळी मात्र ती मनगटाशी नीट बसली. रश्नुदाताने अंगरखा स्पितकाच्या अंगावर चढवला.

सभेत सगळे हात वर गेले. स्पितकाचा निघेना.

"बाहीत अंडी उबवतोस काय रे?" हात उंचावूनच बगिय ओरडला. सभा खदखदली. सुभेदाराने स्पितकाला भेकड म्हणून हाकललं.

महिन्याभरात बंडात सामील झालेला शेजारचा सुभेदार राजाला फितूर झाला. राजाचं सैन्य आलं. वर गेलेला प्रत्येक हात तोडला गेला.

"बाबा, हात अडकला नव्हता," स्पितक म्हणाला. "आतून कोणीतरी धरून ठेवला होता."

त्या सांजेला रश्नुदाताने खुंटीवरच्या स्पितकाच्या अंगरख्याच्या उजव्या बाहीत हात घातला, तिच्यावर कपाळ टेकवलं. "जो कोणी असशील, माझं पोर राखलंस. हे उपकार फिटायचे नाहीत." बोलता बोलता तो रडला. बाही भिजली.

आत उबदार बोटं त्याच्या हाताभोवती मिटली.

करंगळी वाकडी होती.

सकाळी तो भाकरी अन् अंजिरं घेऊन बगियाकडे गेला. एक एक घास भरवू लागला.

"फार दुखतो का रे?"

"नसलेला हात दुखतो म्हणतात, काका. माझा नाही दुखत." बगिय घास चावत राहिला. "कालच्या सांजेपासून नुसता ओला लागतोय."